नेहमी, बहुतेक वेळा, कधीकधी, कधीच नाही

तू गेल्यावर दहा आठवड्यांनी पाकीट आलं, रेइनो.
आत सत्तेचाळीस प्रश्न आणि परतीचं पाकीट,
तिकीट त्यांनीच लावलेलं.
बारीक चौकोन. फक्त काळं किंवा निळं पेन वापरा.

मी तुझा निळा खडू शोधून काढला,
मेणाचा, ओंडक्यांवर खुणा करायचास तो.
छत्तीस वर्षं गिरणीच्या अंगणात तू दर्जा लावलास
मेपलला, बर्चला, हेमलॉकला.
आतून पोकळ आहे की भरीव,
कुऱ्हाडीच्या पाठीनं एकदा ठोकून सांगायचास.
माणसं अशी ठोकून बघता येत नाहीत, म्हणायचास,
आणि तरी बघायचास.

नर्स कॉलीन पहिल्यांदा आली
तेव्हा तू झोपेचं सोंग घेऊन पडलेलास.
तिनं बूट दाराशी काढले, कुणी न सांगता.
शेगडीवर हात धरले,
बोटं गरम होईतो थांबली,
मगच तुला हात लावला.
ती गेल्यावर एक डोळा उघडून म्हणालास,
"एक नंबर. गाठ नाही."
हे कुठल्या चौकोनात भरू?

प्रश्न नऊ. रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशी
मदत हवी तेव्हा लगेच मिळाली का?
फेब्रुवारीतली ती रात्र.
दोन चाळीसला मी फोन केला.
पलीकडे एक पोरगी, कुठल्या तरी उबदार राज्यातली,
आपल्या आडनावाचं स्पेलिंग तीनदा विचारणारी.
वेदना एक ते दहामध्ये किती, म्हणाली.
मी म्हटलं, तो फिनिश आहे, तो तीनच सांगेल.
चार दहाला कॉलीन पोचली,
बर्फ सारणाऱ्या गाडीच्या मागोमाग,
तिच्या पिवळ्या दिव्यावर नजर ठेवून चाळीस मैल.
दीड तास.
लगेच म्हणजे किती, रेइनो?
तुझ्या घड्याळानं की तिच्या?

पाद्री नको म्हटलं तरी दोनदा आला.
दुसऱ्या खेपेला त्यानं बर्फाखालच्या माशांचा विषय काढला
आणि तू उशीवरून मान उचललीस,
म्हणून त्याला "बहुतेक वेळा".
मार्नी तुझी दाढी उलटी करायची, खालून वर,
तिला काही म्हणायचं नाही, तू बजावलं होतंस.
तिलाही "नेहमी".

मंगळवारी तू गेलास.
बुधवारी आठच्या ठोक्याला बेड न्यायला ट्रक हजर.
गालिच्यावर चाकांचे चार खड्डे.
त्याबद्दल प्रश्नच नाही.
मी कागद दोनदा उलटून पाहिला.

प्रश्न एकवीस. वेदनेचं औषध कसं द्यायचं,
तुम्हाला नीट शिकवलं होतं का?
शिकवलं होतं.
कॉलीननं ड्रॉपरवर पांढरी पट्टी चिकटवली,
साधं पाणी घेऊन माझ्याकडून तीनदा करवून घेतलं.
आणि तरी त्या रात्री बारा वाजता
मी अर्धंच दिलं.
पूर्ण दिलं तर मीच तुला...
उरलेलं हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले
दोन चाळीसपर्यंत.
तू आतून हाक मारली नाहीस. एकदाही नाही.

कॉलीननं बाटली दिव्यासमोर धरली,
पातळी पाहिली,
वहीत लिहिली.
माझ्याकडे बघितलं नाही.
तुला सावरून झाल्यावर म्हणाली,
"आता कॉफी टाका, दोघींना."

प्रश्न एकवीसला मी "होय" केलं.
त्यांचं ते खरंच आहे. माझं कुणी विचारलेलं नाही.

शेवटी दोन रेघा सोडल्यात:
आणखी काही सांगायचं असल्यास.
तिथं मी तुझ्या खडूनं तुझी खूण केली,
उभी रेघ, वरून तिरकी.
मशीन तिला डाग समजेल.

नऊ नंबर अजून कोरा आहे.
पाकीट फ्रिजवर.